देणगी मागणारा एक, पावती देणारा दुसरा. दोघांचं जमलं नाही तर फटका कुणाला?

रेल्वे स्टेशनबाहेर, मॉलच्या दारात गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेऊन उभी असलेली पोरं तुम्ही नक्की पाहिली असतील. "सर, फक्त दोन मिनिटं" म्हणत ती थांबवतात, संस्थेचं काम सांगतात आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायला तयार करतात. तुम्ही हो म्हणता, मोबाईलवर ओटीपी येतो, विषय संपतो.

खरा विषय सुरू होतो तो काही महिन्यांनी. टॅक्स रिटर्न भरायची वेळ येते आणि तुम्ही पावतीसाठी संस्थेला फोन लावता. उत्तर येतं, "तुमचा पॅन नंबर आमच्याकडे नाही." तुम्ही सांगता, "पैसे मुलींच्या शाळेसाठी जातील असं सांगितलं होतं." पलीकडच्या माणसाला त्यातलं काहीच माहीत नसतं.

यात कुणी फसवलं असेलच असं नाही. बऱ्याचदा प्रकार एवढाच असतो की देणगी मागणाऱ्याने आणि देणगीदार सांभाळणाऱ्याने एकमेकांशी बोलणंच केलेलं नसतं.

दोन टेबलं, दोन हिशोब

मोठ्या स्वयंसेवी संस्थांमध्ये ही दोन वेगळी कामं असतात. एक फंडरेझर, म्हणजे नवे देणगीदार शोधणारा. हे काम कधी संस्थेची माणसं करतात, कधी बाहेरच्या एजन्सीची. दुसरं काम डोनर रिलेशन्सचं. पावत्या पाठवायच्या, आभार मानायचे, पैशांचं काय झालं ते कळवायचं, तक्रारी ऐकायच्या.

फंडरेझरला विचारतात, "या महिन्यात किती आणले?" डोनर रिलेशन्सवाल्याला विचारतात, "किती पावत्या बाकी आहेत?" गेल्या वर्षीचा देणगीदार यंदा टिकला का, हा प्रश्न दोघांपैकी कुणालाच नीट विचारला जात नाही. मग एकाच्या मते दुसरा नुसता कागद रंगवतो आणि दुसऱ्याच्या मते पहिला वाट्टेल ती आश्वासनं देऊन मोकळा होतो.

पॅन नंबरवरून एवढं काय अडतं?

पूर्वी ८०जीची छापील पावती जोडली की काम व्हायचं. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून चित्र बदललं. कुणी किती देणगी दिली याची यादी संस्थेनेच फॉर्म १०बीडी भरून आयकर खात्याला द्यायची आणि देणगीदाराला १०बीई हे प्रमाणपत्र द्यायचं, असा नियम आला. मुदत वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि यादी दिलीच नाही तर १० हजारांपासून १ लाखापर्यंत दंडाची तरतूद. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच या देणगीवर सवलत मिळते. पण ज्यांना मिळते, त्यांच्यासाठी संस्थेच्या यादीत नाव असणं महत्त्वाचं. आता बघा, पॅन नंबर विचारायची योग्य वेळ कोणती? देणगी देताना, म्हणजे फंडरेझरसमोर. आणि तो नसल्याचा त्रास कुणाला? मे महिन्यात यादी भरत बसलेल्या डोनर रिलेशन्सवाल्याला आणि शेवटी देणगीदाराला. चूक एका टेबलावर होते, बिल दुसऱ्या टेबलावर येतं.

असाच धक्का ऑक्टोबर २०२१ मध्ये बसला. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरून आपोआप होणाऱ्या पेमेंटचे नवे नियम लागू झाले आणि नव्या पद्धतीत न बसणारे जुने मँडेट थांबले. त्यात महिन्याच्या देणग्याही होत्या. देणगीदाराने पैसे बंद केले नव्हते, ते बंद पडले होते. अशा वेळी कुणीतरी फोन करून नवा मँडेट घ्यावा लागतो. हा फोन कुणी करायचा हे आधी ठरलेलं नसेल, तर तो कुणीच करत नाही.

ब्रिटनमध्ये काय घडलं होतं?

हा गोंधळ वाढला की कुठवर जातो हे ब्रिटनने २०१५ मध्ये पाहिलं. ब्रिस्टल शहरातल्या ९२ वर्षांच्या एका आजींचा मे महिन्यात मृत्यू झाला. माजी सैनिकांसाठी पॉपीची फुलं विकून निधी जमवण्याचं काम त्यांनी ७६ वर्षं केलं होतं. त्यांना संस्थांकडून मदत मागणारी पत्रं अक्षरशः ढिगाने येत होती, हे नंतर समोर आलं. त्यांच्या मृत्यूला संस्था जबाबदार नाहीत, असं कुटुंबीयांनी स्पष्ट केलं. पण देशभर संताप उसळला.

चौकशीत आढळलं की ९९ संस्थांकडे या आजींचा तपशील होता आणि एका वर्षात त्यांना अंदाजे ४६६ पत्रं गेली होती. काही संस्थांनी त्यांचा पत्ता इतरांनाही दिला होता. प्रत्येक संस्थेच्या हिशोबात आपलं पत्र म्हणजे एक साधं पत्र होतं. देणगीदाराच्या बाजूने बघून "आता पुरे" म्हणणारा माणूस त्या साखळीत नव्हता, किंवा त्याचं कुणी ऐकत नव्हतं. पुढे २०१६ मध्ये तिथे फंडरेझिंग रेग्युलेटर ही नवी नियामक संस्था आली आणि २०१७ पासून नको असलेल्या संस्थांचा संपर्क थांबवण्याची सोय लोकांना मिळाली.

भारतात हा मुद्दा आत्ताच का?

पहिलं कारण परदेशी पैसा. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए कायद्यात बदल झाला. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी झाली. मोठ्या संस्थांमार्फत परदेशी पैसा मिळणाऱ्या गावपातळीवरच्या संस्थांसाठी देशातला देणगीदार जास्त मोलाचा झाला.

दुसरं, सीएसआर. २०२१ च्या नियमांनुसार पैसे मंजूर कामासाठीच वापरले गेले, हे कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. सादरीकरणात फंडरेझर काय बोलून आला, ते हिशोब देणाऱ्याला माहीत नसेल तर पुढच्या वर्षीचा चेक अवघड.

तिसरं, तुमचा मोबाईल नंबर. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क त्यात आहे. एका टेबलाला सांगितलेलं "फोन करू नका" दुसऱ्या टेबलापर्यंत पोचलंच नाही, तर उद्या तो कायद्याचा प्रश्न होईल.

मग करायचं काय?

उपाय खर्चिक नाहीत. दोघांची नोंदवही एकच हवी, मग ती साधी एक्सेल शीट का असेना. फंडरेझरने रक्कम लिहिताना काय सांगून पैसे घेतले, हेही एका ओळीत लिहायचं. देणगीदाराने नाराजी कळवली तर ती त्याच आठवड्यात फंडरेझरच्या कानावर जायला हवी. आधीच्या पैशांची पावती आणि कामाची बातमी पोचल्याशिवाय पुन्हा हात पसरायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुने किती देणगीदार टिकले हा आकडा दोघांच्याही टार्गेटमध्ये हवा.

यावर फंडरेझर म्हणतात, "पगार आम्ही आणलेल्या पैशांतून होतात, आम्हाला लिहीत बसायला वेळ कुठाय?" मुद्दा खोटा नाही. छोट्या संस्थेत तर मागणारा, पावती फाडणारा आणि गावात जाऊन काम करणारा माणूस एकच असतो. तिथे भांडण होत नाही, पण तो माणूस गेला की देणगीदारांची सगळी माहिती त्याच्यासोबत जाते. म्हणजे लिहून ठेवणं तिथेही सुटत नाही.

देणगीदारानेही एक करावं. पैसे देतानाच पॅन नंबर द्यावा, पैसे कशासाठी जातील ते लेखी मागावं आणि मे संपल्यावर प्रमाणपत्राबद्दल विचारावं. चांगली संस्था या प्रश्नांनी वैतागत नाही. उत्तर द्यायला दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागल्या, तर समजायचं की आत काहीतरी बिनसलंय.