तक्रार जॉबकार्डवर उतरवा

पाऊस सुरू झाल्यापासून आमच्या टपालात एकाच दुखण्याची पत्रे येत आहेत. चिपळूणहून, भोसरीहून, सातपूरहून, सांगलीहून. गाडी हायब्रिड. रस्ता ओला आणि खड्ड्यांचा, वेग तीस-चाळीस, पाय ब्रेकवर हलकेच ठेवलेला. चाक खड्ड्यावरून उडते आणि गाडी क्षणभर पुढे सुटते. पेडल आणखी दाबले की ब्रेक धरतो, गाडी थांबते. गिऱ्हाईक घाबरून गाडी घेऊन येते. स्कॅनर लावला तर एकही कोड नाही. पॅड जाड, डिस्क सरळ, ब्रेक ऑइल स्वच्छ. त्याआधी ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन आलेले असते आणि तिथे त्याला एका वाक्यात वाटेला लावलेले असते : “हायब्रिडचा ब्रेक असाच असतो सर, सवय होईल.”

गाडीमालकांतही यावरून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, मी दोन वर्षे हीच गाडी घाटात चालवतो, मला काही जाणवले नाही, ब्रेक कसा मारायचा ते तुम्हाला कळत नाही. दुसरा म्हणतो, समोर स्कूटर होती, थोडक्यात वाचलो. दोघेही खरे बोलत असतात, कारण हा प्रकार ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेगात आणि ठरावीक दाबालाच होतो. पण दोघांचा वाद ऐकत उभ्या असलेल्या मेकॅनिकने काय करायचे, हा या अंकापुढचा प्रश्न आहे. आपल्यातले बहुतेक जण खांदे उडवतात, पॅड घासून देतात, ट्रायल मारतात आणि गाडी सोडतात. जॉबकार्डवर लिहितात : ब्रेक चेक केला, ओके.

हे असे चालणार नाही. का ते समजण्यासाठी सोळा-सतरा वर्षे मागे जावे लागेल.

टोयोटाची तिसऱ्या पिढीची प्रियस मे २००९मध्ये जपानात विक्रीला आली आणि काही महिन्यांतच तिथल्या आणि अमेरिकेतल्या मालकांनी हीच तक्रार करायला सुरुवात केली. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर, हलका ब्रेक लावलेला असताना, गाडी क्षणभर सुटते. तिथेही मालकांत हाच वाद झाला. ४ फेब्रुवारी २०१० रोजी कंपनीचे गुणवत्तेची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी हिरोयुकी योकोयामा यांनी टोकियोत पत्रकारांना सांगितले की हा चालकाला जाणवणाऱ्या ‘फील’चा प्रश्न आहे, पेडल घट्ट दाबले की गाडी थांबते. त्याच वेळी एक गोष्ट उघड झाली : जानेवारीपासून कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाड्यांत एबीएसचे सॉफ्टवेअर कंपनीने आधीच बदलले होते. नव्या गिऱ्हाइकाला दुरुस्त गाडी मिळत होती आणि जुन्याला कोणी काही कळवले नव्हते. त्याच सुमारास अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेने १२४ तक्रारींच्या आधारे औपचारिक चौकशी सुरू केली; त्यांपैकी चार तक्रारींत अपघात झाल्याचे म्हटले होते. ९ फेब्रुवारीला टोयोटाने प्रियस, साई आणि लेक्सस एचएस२५०एच मिळून जगभरच्या सुमारे ४ लाख ३७ हजार गाड्या परत बोलावल्या. ‘फील’पासून रिकॉलपर्यंत जायला पाच दिवस लागले. त्याच आठवड्यात फोर्डनेही आपल्या फ्यूजन हायब्रिडसाठी ब्रेकच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती जाहीर केली.

त्या १२४ जणांनी तक्रार लिहून ठेवली नसती तर? ‘हायब्रिडचा ब्रेक असाच असतो’ हेच उत्तर आजही टिकले असते.

तांत्रिक बाजू तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. हलक्या दाबाला बराचसा ब्रेक मोटर-जनरेटर लावतो, कॅलिपरवर दाब जेमतेम असतो. चाक उडाले, घसरले, की एबीएस जागे होते आणि रीजनरेशन सोडून देते, कारण जनरेटरच्या ओढीवर चाकागणिक ताबा ठेवता येत नाही. त्या घडीला सगळा भार हायड्रॉलिकवर यायला हवा. हस्तांतर जिथे अडखळते किंवा हायड्रॉलिकचा दाब आधीच्या एकूण ब्रेकपेक्षा कमी भरतो, तिथे गाडी सुटल्यासारखी वाटते. पेडल सिम्युलेटरवर असल्यामुळे पायाला जाणवणारा दाब आणि चाकावरचा ब्रेक यांचा थेट संबंध नसतो. म्हणून गिऱ्हाईक “पेडल तसेच होते पण ब्रेक नव्हता” असे सांगते तेव्हा त्याला वेड्यात काढू नका. ते अगदी नेमके वर्णन करत असते.

मात्र प्रत्येक तक्रार दोषाची नसते, हेही तितकेच स्पष्ट सांगतो. हवेत असलेल्या चाकाला ब्रेक लागत नाही, मग गाडी कुठलीही असो. गुळगुळीत टायर, मेलेले शॉकअब, डाव्या-उजव्या चाकात वेगळा हवेचा दाब, यांनी एबीएस नको तेव्हा जागे होते. मुंबई-गोवा महामार्गाच्या उखडलेल्या पट्ट्यावर तर चांगल्या गाडीचेही एबीएस खडखडत राहते. कोकणातल्या गाड्यांत आणखी एक भानगड आढळते : रीजनरेशनमुळे डिस्क फारशा वापरल्याच जात नाहीत, स्लाइड पिना गंजून जाम होतात आणि हायड्रॉलिकची पाळी येते तेव्हा कॅलिपर नीट पकडत नाही. हे आधी तपासा. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने दोन ट्रायल घ्या, एक बॅटरी मध्यावर असताना आणि एक ती जवळपास पूर्ण भरलेली असताना. भरलेल्या बॅटरीत रीजनरेशनला जागा नसते, ब्रेक आधीपासूनच हायड्रॉलिकवर असतो. त्या वेळी सुटणे थांबले तर संशय हस्तांतरावर धरा. आणि मागे कोणी ब्रेक ॲक्च्युएटर बदलला असेल तर लिनिअर व्हॉल्व्ह ऑफसेट लर्निंग केले होते का, ते विचारा.

इथे आपले पहिले खरे गाऱ्हाणे येते. हे लर्निंग करायला, इतकेच काय, काही मॉडेलांत ब्रेकची एअर काढायलाही कंपनीचे सॉफ्टवेअर लागते आणि ते कंपनी बाहेरच्या गॅरेजला देत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना नाकारल्याबद्दल २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्या निकालाच्या दिवशी आपल्या धंद्यातल्या कित्येकांनी पेढे वाटले होते. डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले, त्यात वाहनेही घेतली. तरीही आज सातपूरच्या वाचकाला हायब्रिडच्या ब्रेकची एअर काढायला गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते आणि तिथल्या रांगेत चार दिवस थांबावे लागते. २०२२मध्ये बाजारात आलेल्या स्ट्राँग हायब्रिड गाड्या आता मूळ वॉरंटीतून बाहेर पडून आपल्याच दारात येणार आहेत. त्यांचे ब्रेक कोण बघणार?

पण त्याहून मोठी गोष्ट रिकॉलच्या कायद्यात दडलेली आहे, आणि सगळा जोर मला तिच्यावर द्यायचा आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. १ एप्रिल २०२१पासून रिकॉलचे नियम लागू झाले. दोषाच्या व्याख्येत सुटे भाग आहेत, सॉफ्टवेअरही आहे. सात वर्षांच्या आतली गाडी असेल तर मालक पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो. तक्रारी ठरावीक संख्येला पोचल्या की सरकार कंपनीला नोटीस देऊन चौकशी करू शकते, सक्तीचा रिकॉल लादू शकते आणि दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड करू शकते. कागदावर चांगला कायदा आहे. पण ती संख्या बघा. वर्षाला दहा हजारांहून अधिक खपणाऱ्या मोटारीसाठी ती हजाराच्या वर जाते. अमेरिकेत १२४ तक्रारींवर चौकशी सुरू झाली. आपल्याकडे हजारजणांनी एकाच मॉडेलच्या एकाच दोषाची, पोर्टलवर, योग्य रकान्यात नोंद करायची. ज्या मालकाला सर्व्हिस सेंटरने “सवय होईल” म्हणून घरी पाठवले, ज्याच्या हातात दोषाचा उल्लेख असलेला एकही कागद नाही, तो कुठल्या बळावर नोंद करणार? ब्रेकचे सुटणे हा असा दोष आहे की त्याचा कोड राहत नाही, फोटो निघत नाही. हजाराचा आकडा अशा दोषासाठी निरर्थक आहे.

आणि या साऱ्या व्यवस्थेत ज्याने गाडी उचलून चाक काढले, ट्रायल घेतली, तोच दोष तीन वेगवेगळ्या मालकांच्या गाड्यांत पाहिला, त्या मेकॅनिकला जागाच नाही. पोर्टल मालकासाठी आहे. परिवहन कार्यालयात जाऊन विचारले तर उत्तर मिळते : गाडी तुमच्या नावावर आहे का? नसेल तर तुमचा संबंध नाही. कागदाच्या चौकटीत हे उत्तर बसत असेल, पण माणसे मरू नयेत म्हणून केलेल्या कायद्याच्या दृष्टीने ते संतापजनक आहे. ज्या मालकाला पेडल सिम्युलेटर म्हणजे काय ते ठाऊक नाही त्याची तक्रार मोजायची आणि ज्याला ठाऊक आहे त्याला दारातून परत पाठवायचे.

यात आणखी संताप आणणारी गोष्ट अशी की कायद्याने हे दार बंद केलेलेच नाही. कलम ११०-अ पुन्हा वाचा. दोषाची खबर सरकारला तीन वाटांनी मिळू शकते : मालकांचे ठरवलेले प्रमाण, चाचणी करणारी संस्था, किंवा अन्य कोणताही स्रोत. ही तिसरी वाट संसदेने विचारपूर्वक ठेवली आहे आणि ती आपली आहे. नोंदणीकृत गॅरेजची लेखी, तारीखवार, मोजमापांसह आलेली नोंद ‘अन्य स्रोत’ नाही तर काय आहे? मंत्रालयाने त्यासाठी पोर्टलवर स्वतंत्र रकाना उघडावा. आलेली नोंद चाचणी संस्थेकडे पाठवण्याची मुदत ठरवावी. नियम बदलायला लागू नये, अधिकाऱ्याची इच्छा लागेल.

पण रकाना उद्या उघडला तर त्यात भरायला आपल्याकडे काय आहे? इथे आपल्या लोकांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. मागच्या वर्षी याच स्तंभातून आम्ही जॉबकार्डच्या नमुन्याविषयी लिहिले, नमुना छापला. किती जणांनी तो वापरला? अजूनही निम्मी गॅरेजे पाकिटामागे किंवा वहीच्या फाटक्या पानावर हिशेब लिहितात आणि गाडी गेली की पान फेकतात. काही जण तर आधी कोड खोडतात आणि मग तपासायला लागतात. गिऱ्हाईक काय म्हणाले ते त्याच्या शब्दांत न लिहिता ‘ब्रेक जनरल चेक’ असे लिहिणारा मेकॅनिक सर्व्हिस सेंटरच्या “सवय होईल” म्हणणाऱ्यापेक्षा वेगळा काय करतो? उद्या त्याच गाडीचा अपघात झाला आणि पोलिसांनी तुमचे बिल पुढे ठेवले, तर त्यावर तुमच्याच सहीने ‘ओके’ लिहिलेले असेल.

म्हणून या महिन्यापासून हे करा. हायब्रिड गाडी ब्रेकच्या तक्रारीने आली की गिऱ्हाइकाचे वाक्य जसेच्या तसे लिहा. वेग, रस्ता ओला की कोरडा, खड्डा की स्पीडब्रेकर की लोखंडी जाळी, बॅटरीची पातळी, गाडीत किती माणसे होती, ते विचारून लिहा. टायरची खोली आणि चारही चाकांची हवा मोजून लिहा. स्कॅनरमधले फ्रीझ फ्रेम आणि साठवलेले कोड खोडण्याआधी फोटो काढा. कोड नसला तर ‘कोड नाही’ हेही लिहा, कारण तीच महत्त्वाची खूण आहे. सॉफ्टवेअरची आवृत्ती दिसत असेल तर उतरवा. २०१०मध्ये नव्या आणि जुन्या गाडीत फरक आवृत्तीचाच होता. दोन ट्रायलींचा निकाल लिहा. मालकाची सही घ्या आणि एक प्रत त्याला द्या, म्हणजे त्याला पोर्टलवर तक्रार करायला हातात कागद मिळेल. त्याच्याकडून ती तिथेच, तुमच्या खुर्चीत बसून, मोबाइलवर नोंदवून घ्या. पाच-दहा मिनिटांचे काम आहे आणि ते फुकट करा.

पॅड बदलताना एक सूचना, वारंवार देऊनही दुर्लक्षित होणारी. काही हायब्रिड गाड्यांत ड्रायव्हरचे दार उघडताच ब्रेकचा पंप दाब भरायला सुरू होतो. चाक काढलेले, कॅलिपर सुटा, आणि पोऱ्याने दार उघडले तर पिस्टन बाहेर येऊ शकतो, बोट जाऊ शकते. गाडी बंद करून किल्ली दूर ठेवा, कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने पंप निष्क्रिय करा, मगच कॅलिपरला हात लावा.

भरलेल्या जॉबकार्डांच्या प्रती मालकाचे नाव, पत्ता आणि फोन झाकून आमच्याकडे पाठवा. मॉडेल, उत्पादनाचे वर्ष आणि किलोमीटर मात्र दिसले पाहिजेत. आलेल्या प्रती मॉडेलवार लावून, कलम ११०-अ चा हवाला देऊन, आम्ही त्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला आणि पुण्याच्या एआरएआयला रीतसर पत्रासह पाठवणार आहोत, आणि पोच मिळाली की पुढच्या अंकात छापणार आहोत. दिवाळी अंकाच्या गडबडीआधी पहिला गठ्ठा रवाना व्हायला हवा. त्यासाठी चालू महिन्याच्या अखेरीपर्यंत आलेली कार्डे धरली जातील. पाऊस आहे तोवरच्या ट्रायली सर्वांत मोलाच्या आहेत.