लेकराला कोणत्या गाडीत बसवायचे?

परळी तालुक्यातील धर्मापुरी हे गाव केदारेश्वराच्या उत्तर चालुक्यकालीन मंदिरामुळे अभ्यासकांना ठाऊक आहे. एरवी ते बातमीत येत नाही. तेथील आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचे पत्र नुकतेच आले. शाखेची हकिकत दोन ओळींत आटोपून त्यांनी घरची अडचण लिहिली आहे. मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे, सूनही कमावती आहे, नात दीड वर्षांची. दोन आलिशान एसयूव्ही गाड्यांपैकी कोणती घ्यावी यावर त्या घरात महिनाभर खल चालू आहे. दोहोंचीही किंमत पाऊण कोटीच्या घरात. मुलाने वडिलांनाच कौल मागितला : “दादा, लेकीच्या जिवाचा प्रश्न आहे, तुम्ही सांगाल ती घेतो.” सहकारी लिहितात, “आधी हसू आले, मग लाज वाटली, आणि आता उत्तर सुचत नाही. तुम्ही काय सांगाल?”

कचेरीत पत्र मोठ्याने वाचले गेले तेव्हा एक-दोघे हसलेच. आम्हांस मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. आपल्या लेकराने धडधाकट घरी यावे, ही इच्छा श्रीमंताच्या घरात चैन आणि गरिबाच्या घरात माया, अशी दोन नावांनी ओळखता येत नाही. चूक इच्छेत नाही. ती पुरी करण्याचा मार्ग फक्त बाजारातून जातो आणि तोही थोड्यांसाठीच खुला आहे, वाद आहे तो या व्यवस्थेशी. म्हणून आधी त्या बापाच्या प्रश्नाला सरळ उत्तर देऊ, आणि मग त्याच गावच्या दुसऱ्या लेकरांकडे वळू.

मुलाचा जीव गाडीच्या किमतीवर ठरत नाही. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. धडकेच्या क्षणी ते पुढे फेकले जाते तेव्हा हा सारा भार मानेवर येतो. म्हणून तान्ह्या व दोन-तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला मागच्या बाजूस, गाडीच्या पाठीकडे तोंड करून, पट्ट्यांनी बांधलेल्या वेगळ्या आसनात बसवावे लागते. असे आसन पुढे, चालू एअरबॅगच्या समोर ठेवणे मात्र अतिशय धोक्याचे असते. आणि आईची मांडी, जी आपल्याला जगातील सर्वांत सुरक्षित जागा वाटते, ती येथे कामाची नाही. ताशी 50 किलोमीटरच्या धडकेत दहा किलोचे मूल क्षणभर सुमारे तीनशे किलोचे होते. कोणत्याही आईच्या हातांना तो भार धरवत नाही. हे वेगळे आसन काही हजार रुपयांत मिळते व साध्या गाडीतही बसते.

किंमत आणि सुरक्षितता यांचा संबंध किती तिरपा आहे, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉन गाडीला डिसेंबर 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले. भारतीय बनावटीच्या गाडीला पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पण हे पाच तारे मोठ्या माणसांसाठीचे होते. मुलांच्या संरक्षणासाठी त्याच गाडीला तीनच तारे मिळाले. जाहिरातीत पाचच झळकले. पुढे 2024 साली सुधारलेल्या गाडीने दोन्हीकडे पाच मिळवले. म्हणजे अशक्य असे काही नव्हते, कोणी विचारीत नव्हते इतकेच. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. तीत मुलांचे तारे वेगळे दाखवतात. ते पाहावेत आणि गाडीच्या छतातून आकाश दिसते की नाही हे पाहू नये.

मोठ्या गाडीत बसले की माणूस आपोआप वाचतो, हा समज तर बीड जिल्ह्याने तरी सोडावयास हवा. याच परळी तालुक्यातील नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे 3 जून 2014 रोजी दिल्लीत मोटारीच्या मागील आसनावर बसलेले असताना झालेल्या अपघातात गेले. केज तालुक्यात जन्मलेले विनायक मेटे 14 ऑगस्ट 2022 रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर गेले. त्यांची गाडी भक्कम एसयूव्हीच होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी, 4 सप्टेंबरला, पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तोही एका परदेशी बनावटीच्या आलिशान एसयूव्हीत. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे तपासात पुढे आले. गाडी लाखांची, नडला तो पट्टा.

एवढे त्या बापासाठी पुरे. आता रस्त्यावर प्रत्यक्ष कोण मरते ते पाहू. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांत दुचाकीवरची 44.5 टक्के, पायी चालणारी 19.5 टक्के, मोटारी, टॅक्सी व तत्सम हलक्या गाड्यांतली 12.5 टक्के. म्हणजे धर्मापुरीच्या लेकराला धोका आहे तो बापाच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसताना आणि शाळेतून डांबरी रस्त्याच्या कडेने घरी येताना. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना अंगाला बांधावयाचा पट्टा व शिरस्त्राण हवे आणि वेग ताशी 40 च्या आत हवा, असा नियम केंद्राने फेब्रुवारी 2022 मध्ये काढला व वर्षभराने तो लागू झाला. नियम चांगला आहे. परळीच्या बाजारात जाऊन असा पट्टा कोणी एकदा मागून पाहावा.

पण धर्मापुरीच्या परिसरातील लेकरांचा सर्वांत लांबचा प्रवास याहूनही वेगळ्या वाहनातून होतो. दसरा झाला की मुकादमाचा निरोप येतो. उचल आधीच घेतलेली असते आणि तिच्यातली निम्मी-अर्धी दवाखान्यात वा लग्नात संपलेली असते. ट्रक, किंवा ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या गावाच्या तोंडाशी उभ्या राहतात. त्यांत आधी चढतो संसार : ज्वारीची पोती, हंडे-कळश्या, कोपीच्या चटया व बांबू, चुलीला लागेल तेवढे सरपण, एखादी शेळी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या. या साऱ्याच्या वर माणसे चढतात आणि माणसांच्या मांडीवर मुले. शाळेत जाणारे लेकरू कधी आजीपाशी मागे ठेवता येते. अंगावर पिणारे, चालू लागलेले, नुकते बोलू लागलेले, म्हणजे नेमके त्या पुण्याच्या नातीच्या वयाचे, मागे ठेवता येत नाही. रात्र रात्र प्रवास करून ही वरात सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा सीमेपलीकडे बेळगावच्या कारखान्यावर पोचते. मागच्या ट्रॉलीला दिवा असतोच असे नाही. घाटात मागून भरधाव येणाऱ्या ट्रकला ती दिसली तर दिसली.

तेथेही वाहनांची सोबत सुटत नाही. पहाटे फडावर जाताना मूल ट्रॉलीत, फडात उसाच्या कडेला साडीच्या झोळीत किंवा पाचटाच्या ढिगावर, आणि भरलेली गाडी मागे घेताना चाकांच्या आसपास. आई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढत असते. तिचे लक्ष झोळीकडे असले तरी पाय फळीवर ठेवावे लागतात.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 194 ब हे कलम आले : चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन यांनी सुरक्षित न बसवता गाडी चालवली तर एक हजार रुपये दंड. मालवाहू वाहनातून अशी माणसे नेणे तर कायद्याला मुळातच मान्य नाही. तरीही दर हंगामात राज्यातील सर्वांत मोठा ऊसतोड कामगारांचा जिल्हा अशा वाहनांतून रिता होतो. नाक्यानाक्यांवरून या ट्रॉल्या जातात आणि पावती कोणाची फाडायची हा प्रश्न कोणास पडत नाही. कारण पावती फाडायची तर ती कारखान्याच्या नावे फाडावी लागेल, आणि कारखाने कोणाचे आहेत हे वाचकांस सांगावयास नको.

आता पैशाचे. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर 28 टक्के वस्तू व सेवा कर आणि वर 22 टक्के उपकर, असा एकूण 50 टक्के भार होता. तो त्या दिवसापासून 40 टक्क्यांवर आला. त्याच फेरबदलात छोट्या मोटारी, दुचाकी व बस यांचा कर 18 टक्के आणि ट्रॅक्टरचा 5 टक्के झाला, हे नमूद केले पाहिजे. चांगल्यास चांगले म्हणण्यास आमची हरकत नाही. पण साठ लाख मूळ किमतीच्या गाडीवर सरकारने सहा लाख रुपये सोडले, तेही खरेच. जानेवारी 2024 च्या करारात ऊसतोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे 366 रुपये झाला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडते असे धरले, तर सहा लाखांसाठी तिला सोळाशेहून अधिक टन, म्हणजे जवळजवळ सहा हंगाम ऊस तोडावा लागेल. ही एका गाडीवरची सूट झाली.

विजेवर चालणारी गाडी असेल तर किंमत कितीही असो, कर 5 टक्केच. विजेच्या बसलाही तोच दर आहे, हे मान्य. पण एसटीची डिझेलची लाल गाडी 18 टक्के भरते आणि कोटीची विजेची एसयूव्ही 5 टक्के, याचे समर्थन प्रदूषणाच्या नावाने किती करायचे? महाराष्ट्राने मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचविला होता. त्याच अधिवेशनात तो मागे घेण्यात आला. कांदा उत्पादकांच्या निवेदनाला एवढ्या त्वरेने उत्तर मिळाल्याचे आम्हांस स्मरत नाही.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच फटक्यात 150 मर्सिडीज मोटारी घेतल्या गेल्या. व्यवहार सुमारे 65 कोटींचा. त्यांतील सुमारे 44 कोटी स्टेट बँकेने सात टक्के व्याजाने दिले. त्याच काळात त्याच भागात ट्रॅक्टर घेणारा शेतकरी बारा टक्क्यांहून अधिक व्याज भरीत होता. पी. साईनाथ यांनी हे चव्हाट्यावर आणले, थोडी चर्चा झाली, आणि मागासलेल्या मराठवाड्याच्या ‘कर्तबगारीचे’ कौतुक मात्र बरेच दिवस पुरले.

या गाड्यांमुळे रोजगार मिळतो, हा युक्तिवाद आम्हांस ठाऊक आहे. शेंद्र्याला ऑडीच्या आणि चाकणला मर्सिडीजच्या गाड्यांची जुळणी होते, आणि तेथे हात आपल्याच मुलांचे आहेत. तेच हात बस जुळवू शकतात; मागणी कशाची निर्माण करायची एवढाच प्रश्न आहे. शिवाय उंच बोनेटच्या गाडीचा आणखी एक हिशेब असतो, जो घेणारा करीत नाही. अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षा विमा संस्थेने 2023 साली दाखवून दिले की चाळीस इंचांहून उंच नाकाची गाडी पादचाऱ्याला धडकली तर मृत्यूची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या मोटारीपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी अधिक असते. चालकाच्या जागेवरून बोनेटच्या पुढ्यातले तीन फुटी मूल दिसतही नाही. आपले लेकरू आत सुरक्षित ठेवणारी गाडी बाहेरच्या लेकराला अधिक घातक ठरते.

डॉ. लोहियांनी 1963 साली लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला तेव्हा पंतप्रधानांवरील रोजचा खर्च त्यांनी शेजारी मांडून दाखवला होता. असा हिशेब मांडण्याचा अधिकार आपण आज कितपत राखला आहे? या जिल्ह्यात पुढाऱ्याचे वजन त्याच्या मागच्या गाड्यांवर मोजतात. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना 9 डिसेंबर 2024 रोजी पळवून नेले ते काळ्या स्कॉर्पिओतून, आणि त्यानंतर त्यांचा खून झाला. तेव्हापासून तशी गाडी गावात शिरली की बाया लेकरे आत घेतात. आपल्या पक्षाच्या मेळाव्यालाही कोणी कोणाची मोठी गाडी मागून आणतो, आणि आपण ‘सोय झाली’ म्हणतो.

पक्षाने या हंगामात एकच मागणी धरावी असे आम्हांस वाटते : तोडणी कामगारांची टोळी एसटीने जावी व एसटीने परत यावी, आणि भाडे कारखान्याने द्यावे. दहा-बारा कोयत्यांची टोळी मुलाबाळांसह एका बसमध्ये बसते. ट्रॉलीतून जाऊ द्यावा तो फक्त संसार. पैसा नाही असे कोणी म्हणू नये. गोपीनाथ मुंडे यांच्याच नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यावयाचे ठरलेले आहे. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो, म्हणजे हा वाटाच शंभर कोटींचा होतो. मागणीबरोबर फडावर पाळणाघर, ट्रॉल्यांना दिवे व चकाकते पट्टे, आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात अपघातग्रस्तांसाठी पुरते मनुष्यबळ, याही गोष्टी येतील; पण बस आधी.

धर्मापुरीच्या सहकाऱ्याला आम्ही कळवले आहे : मुलाला सांगा, साधी, मुलांच्या ताऱ्यांत उजवी ठरलेली छोटी गाडी घे, त्याआधी मुलीचे आसन घे, मागे बसणाऱ्यानेही पट्टा लाव, आणि वेग आवर. तो ऐकेल की नाही, हे तो जाणे. दुसरे काम त्यांच्याकडेच सोपवले आहे. दसऱ्यापूर्वी गावातून किती कोयते निघणार, कोणत्या मुकादमाकडे, कोणत्या कारखान्यावर, कोणत्या वाहनातून, आणि बरोबर सहा वर्षांखालील मुले किती, याची घरोघर फिरून यादी करावयाची आहे. परळी, केज, धारूर व वडवणी तालुक्यांतील शाखांनीही अशाच याद्या कचेरीकडे पाठवाव्यात. त्यांचा मुलगा संगणकाचा जाणकार आहे. साऱ्या याद्यांचा तक्ता मांडण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.