आजीची आठवण : अंदाजाने नव्हे, मापाने

घरातली आजी गेली की तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. आठवणी निघतात, आणि त्यांत एक वाक्य हमखास येते : ‘कधी कशाची तक्रार म्हणून केली नाही.’ आपण ते गौरवाने उच्चारतो. आरोग्याचे सदर लिहिताना मला मात्र त्याच वाक्यापाशी थांबावेसे वाटते. खरोखरच काही दुखत नव्हते, की सांगायला सवड नव्हती?

आपल्या मीरा-भाईंदरमध्ये मुंबईतल्या चाळींमधून आलेली कितीतरी कुटुंबे स्थिरावली ती आजीच्या भरवशावर. मुलगा आणि सून सकाळची लोकल धरून चर्चगेटकडे निघाली की नळाची वेळ, दूध, नातवंडांची शाळा, दुपारचे गरम जेवण, सारे तिच्याकडे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनावेतन घरकामाला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात असे आढळले, पुरुष ९७. या २९९ मिनिटांत स्वतःच्या गुडघ्यासाठी दवाखान्याची रांग बसत नाही.

गृहिणीचे संचित कसे जपावे याचा विचार करताना कमलाबाई ओगले आठवतात. जन्म १९१३ चा, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा, शिक्षण चौथीपर्यंत, स्वयंपाकाचे धडे सासूबाईंच्या हाताखाली. १९७० साली त्यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले आणि घरोघरी पोहोचले, कारण त्यांनी प्रत्येक पदार्थाचे प्रमाण वाटी-चमच्यांत सांगितले. ‘अंदाजाने घाल’ हे सासूजवळ उभ्या असलेल्या सुनेला पुरते, दूरच्या बिऱ्हाडातल्या सुनेला नाही. १९९९ मध्ये त्या निवर्तल्या, तोवर ‘सव्वा लाख सुनांची सासू’ ही त्यांची ओळख झाली होती. (त्यांतल्या बऱ्याच सुना आज स्वतः आजी आहेत!)

हीच शिस्त आजीच्या आजारपणाला लावा, ही माझी विनंती. ‘तिला साखर होती’ हा झाला अंदाज. मधुमेह कोणत्या वर्षी निघाला, रक्तदाबाची गोळी केव्हा सुरू झाली, खुब्याचे हाड मोडले तेव्हा ती केवढी होती आणि कशाने पडली, हे झाले माप. आई किंवा वडिलांचे खुब्याचे हाड मोडलेले असेल, तर मुलांच्या हाडांची जोखीम मोजताना डॉक्टर त्याची नोंद घेतात. आजीला स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, तर ती वडिलांची आई होती म्हणून नातीने निर्धास्त राहू नये. तो धोका वाढवणारे जनुकीय दोष वडिलांकडूनही मुलीकडे येऊ शकतात. आपल्याकडे ‘आईकडचे’ तेवढे विचारले जाते, ‘वडिलांकडचे’ राहून जाते.

यासाठी तेराव्यासारखी वेळ नाही. मामा, मावश्या, आत्या, आजीची धाकटी बहीण एकत्र असतात. रडण्याच्या घरात हे विचारणे अप्रशस्त वाटेल. तरीही कुणीतरी एकाने वही घ्यावी. जुने केसपेपर रद्दीत जाण्याआधी बघावेत. तिच्या भाजणीचे प्रमाणही त्याच वहीत उतरू द्या. मावशीला ते नक्की ठाऊक असेल.

आणखी एक. तिच्या उरलेल्या गोळ्या ‘चांगल्या आहेत’ म्हणून कुणाला देऊ नका. आजोबांकडे मात्र आवर्जून पाहा. अनेक घरांत त्यांची सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती हे फक्त तिलाच पाठ असते. ते स्वतः रंगावरून ओळखतात, आणि दुसऱ्या कंपनीची गोळी आली की रंग बदलतो. पहिल्याच आठवड्यात त्यांची औषधाची चिठ्ठी शोधा, डॉक्टरांकडून एकदा ताडून घ्या, आणि सकाळच्या चहाबरोबर ती गोळी त्यांच्या हातावर कोण ठेवणार, हे घरात ठरवा.