गाडीवेड्याचा सल्ला घेऊ नका

गेल्या शुक्रवारी ऑफिसमध्ये नव्याने लागलेल्या एका पोराने नेहमीचा प्रश्न टाकला. "सर, तुम्हाला गाड्यांमधलं कळतं. बारा लाखांत कुठली घेऊ?"

पूर्वी असं कोणी विचारलं की माझी कळी खुलायची. इंजिन, टॉर्क, गिअरबॉक्स... समोरचा जांभया देईपर्यंत मी बोलायचो. यावेळी मात्र म्हटलं, "माझं ऐकू नकोस." बिचारा गोंधळला. हे पोस्ट त्याच्यासाठीच.

आधी माझी 'पात्रता' सांगतो. आमच्या गावात गाडीचं वेड पाण्यातूनच येत असावं. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, तेव्हापासून आमच्या गल्लीत प्रत्येक घरातलं कोणीतरी 'लाईनवर' होतं. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाव्हिया बनायला लागली. तिचं १.९ लिटरचं डिझेल इंजिन खालच्या आरपीएमला जो ओढ घ्यायचं, त्याने आमची अख्खी पिढी बिघडवली. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातल्या, मंडळींनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या. सौदा ६५ कोटींचा. देशभर बातमी झाली. मुंबई-पुणेवाले आम्हाला 'तिकडे मराठवाड्यात' म्हणायचे, त्यांना बरं उत्तर मिळालं असं तेव्हा वाटलं होतं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू.

तर झालं असं की २०२१ मध्ये दाजींना गाडी घ्यायची होती. पहिलीच. दाजी गारखेड्यात राहतात, नोकरी चिकलठाणा एमआयडीसीत. जाऊन येऊन पंधरा-सोळा किलोमीटर, त्यातही जालना रोडचे सिग्नल. त्यांनी विश्वासाने मला विचारलं आणि मी एका क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "दाजी, डिझेलच घ्या. टर्बो. मायलेज पण देईल आणि उचल तर बघतच राहाल." टेस्ट ड्राइव्हला गाडी कोणी चालवली? मीच. दाजी शेजारी बसले होते.

आठ-नऊ महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटर, बिल. पुन्हा तीन महिन्यांनी तेच.

कारण समजून घेण्यासारखं आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी बसली, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. त्यासाठी गाडी हायवेला एका लयीत वीसेक मिनिटं पळायला हवी. गारखेडा ते चिकलठाण्यात ती लय कुठून येणार? इंजिन तापतं न तापतं तोवर ऑफिस येतं. काजळी साठत राहते. जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल काही गाड्यांत इंजिन ऑईलमध्ये उतरतं, मग ऑईलही लवकर बदला. इंजिन चांगलंच होतं हो. चुकीच्या घरी दिलं होतं.

आता हिशोब. मी तो आधी करायला हवा होता, प्रोग्रामर म्हणवतो स्वतःला! वर्षाला पाच हजार किलोमीटर. पेट्रोल गाडी १५ देते, डिझेल २० देते असं धरा. दर १०४ आणि ९१ धरा. पेट्रोलचा खर्च साधारण ३५ हजार, डिझेलचा २३ हजार. बचत वर्षाला १२ हजार. डिझेल मॉडेल सव्वा लाखाने महाग. म्हणजे पैसे वसूल व्हायला दहा वर्षं, आणि त्यात व्याज, विमा, जाळी काहीच धरलेलं नाही.

दाजी काही बोलले नाहीत, माणूस तसा नाही. ताई बोलली. "तुझा छंद, आमचा हप्ता." भाऊबीजेला ओवाळताना बोलली, त्यामुळे पाटावरून उठूनही जाता येईना.

तेव्हा कळलं की गाडीवेडा माणूस तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतच नाही. तो स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर देतो, तुमच्या पैशाने. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट न घेताच कोड लिहायला बसतो. त्यामुळे ज्याला गाडी घ्यायची आहे त्याने शोरूमला जायच्या आधी दोन आठवडे वहीत लिहावं: कुठे गेलो, किती किलोमीटर, गाडीत किती जण, पार्किंग कुठे. बहुतेकांची वही सांगेल की साधी पेट्रोल गाडी पुरे. रोजचे ठरलेले किलोमीटर आणि घरी चार्जिंगची सोय असेल तर इलेक्ट्रिकसुद्धा. वर्षातून एकदा गोव्याला जातो म्हणून वर्षभर मोठी एसयूव्ही गुलमंडीत कशाला ओढायची?

मग वाचलेले पैसे कुठे घालायचे? इथे मात्र माझं ऐका. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, ७०१ किलोमीटर, कारला १२० ची मर्यादा. १२० ला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायच्या आधीच. साठच्या दुप्पट वेग, पण ब्रेकला जिरवायची ऊर्जा चौपट. म्हणून टायरवरचा चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हवा गार टायरमध्ये भरा, दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते तेवढीच. आणि मागच्या सीटवरचे पट्टे. ते 'मागे काय होतंय' सोडून द्या. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ गेले ते मर्सिडीजच्याच मागच्या सीटवर, पट्ट्याविना. गाडी कितीही भारी असो, पट्टा तुम्हालाच लावावा लागतो.

बाकी दाजींची गाडी अजून आहे. आता दर दुसऱ्या रविवारी आम्ही सगळे जालन्याला जातो, चहा पितो आणि परत येतो. साठ जाताना, साठ येताना. जाळी साफ राहते. डिझेल माझं, असं ताईने ठरवलंय :-)

आणि हो, गाडी दाजीच चालवतात. मी मागे बसतो. पट्टा लावून.