इंजिनाला स्टीलचे बोल्ट? बाहेर लावा, आत नको

गडचिरोलीतल्या मुलचेऱ्यासारख्या तालुक्यात मोटारसायकल ही चैन नाही. एसटीची फेरी हुकली की बाजार, बँक, दवाखाना सगळे तिच्याच भरवशावर. त्यामुळे इंजिन उघडून नव्याने बांधायची वेळ आली, की गंजलेले बोल्ट पाहून मालक सांगतो, ‘या खेपेला सगळे स्टीलचेच टाका.’ चार महिन्यांच्या पावसात गाडी उघड्यावर उभी राहते, तेव्हा मागणी रास्त वाटते. पण ती अर्धीच मान्य करावी. बाहेरच्या झाकणांना स्टेनलेस चालेल, इंजिनाच्या आत आणि हेड आवळायला एकही नको.

कारण न गंजणे म्हणजे मजबूत असणे नव्हे. 8.8 दर्जाचा साधा पोलादी बोल्ट कायमचा ताणला जाण्याआधी दर चौरस मिलिमीटरला 640 न्यूटन ताण सोसतो. ए2-70 शिक्क्याचा स्टेनलेस 450 लाच हात टेकतो. हेडचा स्टड रबरासारखा किंचित ताणून परत आखडू पाहतो, म्हणून पकड राहते. तो एकदा लांबला की गॅस्केटमधून गळती सुरू. शिवाय सुट्या विकल्या जाणाऱ्या बोल्टांवर अनेकदा शिक्काच नसतो. चुंबक चिकटला नाही म्हणजे माल अस्सल, हा आपला लाडका गैरसमज. निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले 200 मालिकेचे स्वस्त स्टीलही चुंबकाला फारशी दाद देत नाही, आणि गंजते मात्र लवकर.

उलट बाजूने आक्षेप येतो, की स्टेनलेस लागला की ओलाव्यात शेजारचे ॲल्युमिनियमच खाल्ले जाते. शास्त्र बरोबर आहे, पण ही झीज जोर धरते ती खाऱ्या ओलाव्यात. मालवण-रत्नागिरीच्या गाड्यांना ती भीती जास्त. गडचिरोलीच्या जंगलात खारा वारा नाही. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम जितके प्रसरण पावते, त्याच्या जवळ साध्या पोलादापेक्षा स्टेनलेसच जातो. आट्यांना अँटी-सीझ वंगण लावले, तर क्लच आणि मॅग्नेटो कव्हरला तो वर्षानुवर्षे टिकेल.

आटे जातात ते मुख्यतः गंजाने नव्हे, हाताच्या जोराने. कव्हरच्या 6 मिलिमीटर बोल्टाला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे 15 सेंटिमीटर पान्याच्या टोकाला जेमतेम 7 किलोचा भार. स्टेनलेसला त्याहून कमी, आणि अँटी-सीझ लावल्यावर आणखी कमी. जुन्या यामाहा आरएक्स 100 चे फुलीचे स्क्रू काढून चकचकीत एलन बोल्ट लावण्याची हौस इथेच महागात पडते: फुलीत स्क्रूड्रायव्हर घसरून हात आपोआप थांबायचा, एलन की थांबत नाही आणि क्रँककेसचे मऊ आटे सोलून काढते. मग नवे आटे म्हणून हेलिकॉइल बसवायला शहर गाठा. खेड्यातल्या गॅरेजला टॉर्क पाना परवडत नाही, असे म्हणतात. मोठा नाही परवडणार. पण दोन-तीन गॅरेजांनी मिळून लहान मापाचा एक घ्यायला काय हरकत आहे? स्टीलवर खरोखर खर्च करायचाच असेल, तर सायलेन्सरच्या स्टडवर करा. उष्णता आणि पाणी एकत्र झेलून सर्वांत आधी जाम होतो तो हाच. नट मात्र पितळी घ्या, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस आवळला की दोन्हींचे आटे एकमेकांत रुतून बसतात आणि पुढच्या वेळी करवतच लागते.