पंचांची नजर आणि कॅमेऱ्याची

एस. आर. बाइंडलर यांच्या ‘हँड्स ऑन अ हार्ड बॉडी’ (१९९७) या माहितीपटाचा विषय एका वाक्यात सांगितला तर तो पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात लाँगव्ह्यू या गावी मोटारविक्रेत्याच्या आवारात २४ माणसे एका नव्या पिकअपला, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या मालवाहू मोटारीला, हात लावून उभी राहतात आणि ज्याचा हात सर्वांत शेवटपर्यंत टिकतो त्याला ती मोटार बक्षीस मिळते. ‘हार्ड बॉडी’ हे निस्सान कंपनीच्या त्या पिकअपचे प्रचलित नाव असले, तरी चित्रपट पाहताना शीर्षकातील ‘बॉडी’ मोटारीची की माणसाची, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. अंग टेकायचे नाही, उकिडवे बसायचे नाही, आणि विश्रांती दर तासाला ५ मिनिटे व दर सहा तासांनी १५ मिनिटे एवढीच. या नियमांनिशी चित्रपटातील १९९५ सालची स्पर्धा ७७ तास, म्हणजे तीन दिवस आणि वर पाच तास चालली.

अशा स्पर्धांना अमेरिकेत जुनी परंपरा आहे. १९३० च्या दशकातील महामंदीत बक्षिसाच्या आशेने जोडपी दिवसेंदिवस नाचत राहत आणि लोक तिकीट काढून त्यांचे थकणे पाहत. बाइंडलर यांचा मोठेपणा असा, की त्यांनी आपल्या प्रेक्षकाला त्या तिकीटवाल्यांच्या रांगेत बसवलेले नाही. पिकअप हे त्या भागात कामाधंद्याचे साधन आहे आणि ती विकत घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे स्पर्धक स्वतःच्या तोंडाने, कसलाही आडपडदा न ठेवता सांगतात. निवेदकाने मध्ये पडून त्यांची कीव करण्याचे कारणच उरत नाही. त्यांच्यातला एक पूर्वीचा विजेता ही कसोटी शरीरापेक्षा मनाची असल्याचे सांगतो, आणि त्याचा प्रत्यय लवकरच येतो. झोपेवाचून मेंदूचा स्वतःवरचा ताबा सुटू लागतो. स्पर्धेसाठी जिच्या चर्चमधील मंडळी प्रार्थना करीत आहेत, अशा एका श्रद्धाळू स्त्रीला अनावर हसू फुटते आणि ते काही केल्या थांबत नाही. हात मात्र मोटारीवरच असतो.

नेमक्या याच ठिकाणी या चित्रपटाचे मोल कळते, कारण पंचांना पाहायचा असतो तो हात, आणि कॅमेरा पाहत राहतो तो चेहरा. ही दुसरी नजर ठेवण्याची जबाबदारी स्पर्धेच्या नियमांनी कोणावरही टाकलेली नव्हती. २००५ साली एक स्पर्धक स्पर्धा चालू असताना मोटारीपासून दूर निघून गेला आणि त्याने आपले जीवन संपवले. त्यानंतर लाँगव्ह्यूमध्ये ही स्पर्धा पुन्हा भरली नाही.