काठ सोडताना

‘पोहता येतं ना? मग वॉटरपोलो सोप्पं!’ म्हणत मैत्रीण मला पूलवर घेऊन गेली आणि पाच मिनिटांत माझी हवा टाईट! इथे तळाला पाय टेकवायचे नाहीत. गोलकीपर सोडून कुणी दोन्ही हातांनी बॉल धरायचा नाही. मग तरंगायचं कसं? ‘एगबीटर किक’ने! खुर्चीत बसल्यासारखं बसायचं आणि दोन्ही पाय उलटसुलट गोल फिरवायचे, अंडं फेटतात तसे.

लहानपणी विहिरीत गटांगळ्या खाल्ल्यापासून मी काठाकाठानेच पोहत आले. काल मात्र खोल पाण्यात, एका हातात बॉल घेऊन, २० सेकंद टिकले. १९५१च्या दिल्ली एशियाडमध्ये भारताने वॉटरपोलोचं गोल्ड जिंकलं होतं. माझं गोल्ड म्हणजे हे २० सेकंद!

तुमचा काठ कुठला, मंडळी?